पदवीच्या जोडीला भाषेची पदविका

महाराष्ट्रात बारावीनंतरची तीन-चार वर्षे एका शाखेला वाहून टाकायची आणि त्या शाखेबाहेरचे जे काही शिकायचे असेल ते पदवी हाती आल्यावर पाहायचे, ही रीत अनेक घरांत अजून टिकून आहे. भाषेच्या बाबतीत ही रीत विशेष नुकसान करते. भाषा थोडी थोडी, नियमितपणे आणि दीर्घकाळ शिकली तरच मुरते, आणि असा दीर्घकाळ पदवीच्या वर्षांनंतर क्वचितच मिळतो. नोकरी, संसार आणि प्रवास यांच्या रेट्यात सलग तीन वर्षे आठवड्याचे चार-सहा तास एका नव्या भाषेसाठी राखून ठेवणे बहुतेकांना जमत नाही. म्हणूनच पदवीच्या जोडीने भाषेची पदविका घेण्याचा मार्ग गांभीर्याने विचारात घेण्याजोगा आहे. बायोडेटात आणखी एक ओळ वाढते हे त्याचे खरे कारण नव्हे. ज्या विषयाची पदवी घ्यायची, त्या विषयाचे ज्ञान पुष्कळदा दुसऱ्या एखाद्या भाषेत साठलेले असते, हे ते कारण आहे.

पदविका म्हणजे नेमके काय?

‘पदविका’ हा शब्द आज महाराष्ट्रात निदान तीन वेगवेगळ्या अर्थांनी वापरला जातो आणि त्यातून पालकांचा व विद्यार्थ्यांचा गोंधळ होतो. पहिली पदविका तंत्रनिकेतनातील, म्हणजे पॉलिटेक्निकमधील. ती दहावीनंतर घेता येते आणि पूर्ण वेळेची असते. दुसरी पदविका राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर आली. या धोरणानुसार पदवीचे शिक्षण मध्येच थांबवण्याची मुभा आहे; एक वर्ष पूर्ण करून बाहेर पडणाऱ्यास पदवीस्तरीय प्रमाणपत्र आणि दोन वर्षे पूर्ण करून बाहेर पडणाऱ्यास पदवीस्तरीय पदविका मिळते. तिसरी पदविका हा या लेखाचा विषय आहे. ती भाषेची असते, अर्धवेळ असते, पदवीपासून स्वतंत्र असते आणि पदवी चालू असतानाच तिचा अभ्यास करता येतो.

विद्यापीठांच्या भाषा विभागांत या शिक्षणाची सर्वसाधारण रचना तीन पायऱ्यांची असते. पहिली पायरी प्रमाणपत्राची, दुसरी पदविकेची आणि तिसरी प्रगत पदविकेची. प्रत्येक पायरीला साधारणपणे एक शैक्षणिक वर्ष लागते. नवी भाषा शिकू पाहणाऱ्याला थेट पदविकेला प्रवेश मिळत नाही. आधी प्रमाणपत्र पूर्ण करावे लागते किंवा तेवढे भाषाज्ञान आधीपासून असल्याचे दाखवावे लागते. बारावीनंतर लगेच प्रमाणपत्राला नाव नोंदवणारा विद्यार्थी तीन वर्षांच्या पदवीबरोबरच प्रगत पदविकेपर्यंत पोहोचू शकतो, तर दुसऱ्या वर्षी सुरुवात करणारा पदवीच्या शेवटी पदविकेपाशी थांबतो. एका वर्षाचा उशीर भाषेच्या हिशेबात किती मोठा ठरतो, हे एवढ्यावरूनच ध्यानात यावे.

पुण्यात या पद्धतीची परंपरा जुनी आहे. फर्ग्युसन महाविद्यालय रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूत पुणे विद्यापीठाचा, म्हणजे आजच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा, परकीय भाषा विभाग आहे. तेथे जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी यांसारख्या भाषांचे अर्धवेळ वर्ग चालत आले आहेत, आणि दिवसा अभियांत्रिकी, वाणिज्य किंवा विज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी त्या वर्गांचा लाभ घेतला आहे. टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानी शिकवली जाते, मुंबई विद्यापीठात परकीय भाषांबरोबर अरबी, फारसी, उर्दू आणि पाली यांचे शिक्षण मिळते, आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने दूरशिक्षणातून काही भाषांचे अभ्यासक्रम खुले केले आहेत. विद्यापीठाबाहेर जर्मनसाठी मॅक्सम्युलर भवन आणि फ्रेंचसाठी आलियाँस फ्राँसेझ या संस्था आहेत. जगभर ‘ग्योटे इन्स्टिट्यूट’ या नावाने ओळखली जाणारी जर्मन संस्था भारतात मॅक्सम्युलर या पंडिताचे नाव धारण करते, कारण सायणभाष्यासह ऋग्वेदाची आवृत्ती सिद्ध करून त्याने भारतीय विद्येशी जर्मनीचे नाते जोडले होते.

नियम काय सांगतात?

एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करता येतात का, हा प्रश्न पूर्वी वारंवार विचारला जात असे. दोन पूर्ण वेळेच्या पदव्या एकदम करण्यास मनाई असली, तरी पदवीसोबत अर्धवेळ प्रमाणपत्र किंवा पदविका करण्याची वाट पुष्कळ विद्यापीठांनी मोकळी ठेवली होती. एप्रिल २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मार्गदर्शक सूचना काढून हा प्रश्न अधिक स्पष्टपणे सोडवला. त्या सूचनांनुसार विद्यार्थी दोन पूर्ण वेळेचे अभ्यासक्रमही प्रत्यक्ष वर्गात बसून एकाच वेळी करू शकतो. अट एवढीच, की दोहोंच्या तासिकांच्या वेळा एकमेकींवर येऊ नयेत. एक अभ्यासक्रम प्रत्यक्ष आणि दुसरा दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन, अथवा दोन्हीही दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन, असेही चालते. मात्र दूरशिक्षण किंवा ऑनलाइन अभ्यासक्रम देणारी संस्था त्यासाठी मान्यताप्राप्त असली पाहिजे. पीएच.डी.ला या सूचना लागू नाहीत, आणि प्रत्यक्ष अंमलबजावणीची पद्धत ठरवण्याचे काम प्रत्येक विद्यापीठाकडे सोपवलेले आहे. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी दोन्ही संस्थांचे नियम लेखी स्वरूपात पाहून घेणे आणि व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या बाबतीत त्या व्यवसायाच्या परिषदेचे नियमही तपासणे आवश्यक ठरते.

येथे आणखी एक शंका येते. नव्या धोरणाने पदवीतच भाषेसाठी जागा ठेवली असताना वेगळ्या पदविकेची गरज काय? पदवीची नवी रचना श्रेयांकांवर, म्हणजे क्रेडिटवर आधारलेली आहे. वर्गातील सुमारे १५ तासांच्या अध्यापनाला एक श्रेयांक, हे त्याचे ढोबळ माप. तीन वर्षांच्या पदवीसाठी आयोगाने किमान १२० श्रेयांकांचा आराखडा दिला असून, त्यांतील ८ श्रेयांक ‘क्षमतावर्धन’ नावाच्या गटाला आहेत. या गटात प्रामुख्याने आधुनिक भारतीय भाषा आणि इंग्रजी येतात. ८ श्रेयांक म्हणजे सुमारे १२० तास. आधीपासून येणाऱ्या भाषेतील लेखन-वाचन सुधारण्यासाठी हे तास उपयोगी पडतात; परंतु संपूर्ण नवी भाषा शिकायची झाली, तर एवढ्या वेळात ओळख-परिचय, बाजारहाट आणि साधी पत्रे यांच्या पलीकडे फारसे जाता येत नाही. पदवीतील भाषेची जागा उपयुक्त असली तरी ती पदविकेचे काम करू शकत नाही.

पदवी आणि भाषापदविका यांची ही सांगड इतर देशांतही आढळते. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न, मोनॅश, क्वीन्सलँड यांसारख्या विद्यापीठांत भाषेची पदविका ही पदवीला समांतर नोंदवण्याची पात्रता म्हणूनच आखलेली आहे. तिचा एकूण भार पूर्ण वेळेच्या एका वर्षाइतका असतो, पण तो पदवीच्या कालावधीत पसरून वाहता येतो. त्यामुळे वैद्यकशास्त्र, कायदा किंवा विज्ञान शिकणाऱ्यालाही आपली शाखा न सोडता भाषेची स्वतंत्र, मान्यताप्राप्त पात्रता मिळवता येते. आपल्याकडील व्यवस्थेतही हे घटक आहेत. कमी आहे ती महाविद्यालयाचे वेळापत्रक आणि भाषा विभागाचे वेळापत्रक एकत्र बसवण्याच्या सवयीची.

भाषेला लागणारा वेळ

भाषा किती वेळात येते, याचे उत्तर ठरवण्यासाठी आधी ‘येणे’ मोजण्याचे साधन लागते. युरोपीय परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सामाईक संदर्भचौकटीत भाषाक्षमतेच्या सहा पातळ्या सांगितल्या आहेत : ए१ आणि ए२ या प्राथमिक, बी१ आणि बी२ या स्वतंत्र वापराच्या, तर सी१ आणि सी२ या प्रावीण्याच्या. प्रत्येक पातळीचे वर्णन ‘विद्यार्थी काय करू शकतो’ या पद्धतीने केलेले असते. ए१वरील व्यक्ती स्वतःची ओळख करून देऊ शकते आणि समोरचा सावकाश बोलला तर साधे प्रश्न समजू शकते; बी१वरील व्यक्ती प्रवासात, कामावर आणि ओळखीच्या विषयांवर स्वतःचे निभावून नेते; बी२वरील व्यक्ती आपल्या विषयातील चर्चा समजू शकते आणि त्या भाषकांशी फारसा ताण न येता बोलू शकते. जर्मन विद्यापीठात जर्मन माध्यमातून शिकायचे असेल तर सर्वसाधारणपणे सी१च्या आसपासची क्षमता मागितली जाते.

परीक्षा घेणाऱ्या संस्थांचा ढोबळ अंदाज असा, की युरोपीय भाषेत बी१पर्यंत पोहोचण्यास वर्गातील सुमारे ३५० ते ४०० तास आणि बी२पर्यंत सुमारे ५०० ते ६५० तास लागतात. घरचा अभ्यास याहून वेगळा. आठवड्याला चार तास आणि वर्षाला तीस आठवडे असा वर्ग धरला, तर वर्षाचे १२० आणि तीन वर्षांचे ३६० तास होतात. याचा अर्थ प्रमाणपत्र, पदविका आणि प्रगत पदविका या तीन पायऱ्या नेटाने चढलेला विद्यार्थी केवळ वर्गाच्या बळावर बी१च्या परिसरात येतो, आणि रोजचे वाचन, श्रवण व संभाषण यांची जोड दिली तर बी२कडे सरकतो. एका वर्षाच्या प्रमाणपत्रानंतर भाषा सोडणाऱ्यांची संख्या मोठी असते, परंतु भाषा कामाला येऊ लागते ती त्यापुढच्या वर्षांत.

भाषांभाषांतील अंतरही लक्षात घ्यावे लागते. अमेरिकेतील परराष्ट्र सेवेच्या प्रशिक्षण संस्थेने इंग्रजी भाषकांच्या दृष्टीने भाषांची वर्गवारी केली आहे. त्या हिशेबाने व्यावसायिक कामाइतकी फ्रेंच किंवा स्पॅनिश येण्यास वर्गातील साधारण ६०० ते ७५० तास, हिंदी किंवा रशियन येण्यास सुमारे १,१०० तास, तर जपानी, चिनी, कोरियन आणि अरबी येण्यास सुमारे २,२०० तास लागतात. हे आकडे मराठी भाषकाला जसेच्या तसे लागू होत नाहीत, तरीही लिपी आणि शब्दसंग्रह दोन्ही अपरिचित असलेल्या भाषेला अधिक वर्षे द्यावी लागतात, हा त्यांतील मुख्य मुद्दा खरा आहे. जपानीत सर्वसामान्य वापरासाठी ठरवलेल्या कांजी, म्हणजे चिनी मूळच्या चित्राक्षरांची अधिकृत संख्याच २,१३६ आहे. ती एका उन्हाळी सुटीत पाठ होणारी नव्हेत.

भाषेचे शिक्षण वर्षानुवर्षे पसरवण्याला स्मरणशास्त्राचाही आधार आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस याने १८८५ मध्ये स्मृतीवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरसमूह पाठ करून त्याने स्वतःवरच चाचण्या घेतल्या आणि शिकलेले प्रथम वेगाने व नंतर सावकाश विसरले जाते, तसेच एका बैठकीत अनेकदा घोकण्यापेक्षा ठरावीक अंतराने केलेली उजळणी अधिक टिकते, असे दाखवले. पुढील संशोधनानेही अंतर राखून केलेल्या उजळणीचे महत्त्व वारंवार सिद्ध केले आहे. परीक्षेच्या आधी आठवडाभर जागून इतिहासाची एखादी प्रश्नपत्रिका निभावता येईल, पण शब्दांची लिंगे, क्रियापदांची रूपे आणि उच्चारांचे वळण अशा जागरणाने येत नाही. पदवीच्या सहा सत्रांत भाषा विखुरलेली असते, आणि तो विखुरलेपणाच तिच्या उपयोगाचा ठरतो.

कोणती भाषा निवडावी?

भाषा निवडताना ‘कोणत्या भाषेला मागणी आहे’ असा प्रश्न विचारण्याची प्रथा आहे. तो प्रश्न गैर नाही, पण अपुरा आहे. मागणी भाषेला एकटीला क्वचितच असते. ती भाषा आणि विषय यांच्या जोडीला असते. पुणे-चाकण पट्ट्यात फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ यांसारख्या जर्मन कंपन्यांचे कारखाने आहेत. यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला जर्मन येत असेल, तर तांत्रिक कागदपत्रे मूळ स्वरूपात वाचणे, प्रशिक्षणासाठी जर्मनीला जाणे किंवा तेथील विद्यापीठात पुढचे शिक्षण घेणे त्याला सुकर होते. सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात जपानी ग्राहक आणि भारतीय संगणकतज्ज्ञ यांच्यामधील दुवा सांभाळणाऱ्याला ‘ब्रिज इंजिनिअर’ म्हणतात. या कामाला केवळ जपानी जाणणारा पुरत नाही आणि केवळ संगणक जाणणाराही पुरत नाही.

जपानीच्या बाबतीत प्रावीण्य मोजण्यासाठी १९८४ पासून जेएलपीटी ही परीक्षा घेतली जाते. २०१० पासून तिच्या पाच पातळ्या आहेत. एन५ सर्वांत सोपी आणि एन१ सर्वांत कठीण. भारतातही ही परीक्षा होते आणि पुणे हे तिचे एक केंद्र आहे. कार्यालयीन जपानीसाठी सामान्यतः एन२ची अपेक्षा केली जाते. परंतु या परीक्षेत बोलण्याची आणि लिहिण्याची चाचणी नसते. त्यामुळे परीक्षा उत्तीर्ण झालेला विद्यार्थीही संभाषणात अडखळू शकतो. वर्गात शिक्षकांसमोर आणि सहाध्यायांबरोबर बोलण्याचा जो सराव पदविकेत होतो, त्याची किंमत येथे कळते. उलट बाजूही तितकीच खरी आहे. विद्यापीठाची पदविका ही शैक्षणिक पात्रता असते आणि ती देणाऱ्या संस्थांनुसार तिची काठिण्यपातळी बदलते, म्हणून परदेशातील विद्यापीठे आणि कंपन्या आंतरराष्ट्रीय परीक्षेचे प्रमाणपत्र वेगळे मागतात. पदविकेचा अभ्यास चालू असताना त्या त्या पातळीची आंतरराष्ट्रीय परीक्षाही देत राहणे, हा यातील व्यवहार्य मार्ग आहे.

भाषेचा उपयोग मात्र उद्योगांपुरता मर्यादित नाही, आणि महाराष्ट्राच्या विद्याव्यवहाराने हे पूर्वीच ओळखले होते. मराठ्यांच्या इतिहासाची साधने मराठीत आहेत तशीच ती फारसीत आहेत आणि पोर्तुगीजमध्येही आहेत. भारत इतिहास संशोधक मंडळाचे ग. ह. खरे यांनी ‘ऐतिहासिक फार्सी साहित्य’ या मालेतून फारसी साधने मराठी अभ्यासकांपर्यंत आणली. सेतुमाधवराव पगडी हैदराबाद संस्थानात प्रशासकीय अधिकारी होते; फारसी आणि उर्दूवरील प्रभुत्वाच्या बळावर त्यांनी मोगल काळाची साधने मराठीत आणली, आणि कामाच्या निमित्ताने ज्या आदिवासी समाजांशी संबंध आला त्यांच्या गोंडी व कोलामी या भाषाही आत्मसात करून त्यांच्याविषयी लिहिले. गोव्याच्या पुराभिलेखागारात काम करणाऱ्या पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज दप्तरातून मराठे-पोर्तुगीज संबंधांचा इतिहास उभा केला. हे संशोधन केवळ मराठी आणि इंग्रजी जाणणाऱ्या अभ्यासकाच्या हातून झाले नसते. आज इतिहासाची पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्याने मोडी लिपीच्या अभ्यासाबरोबर फारसीची पदविका घेतली, तर पुण्याच्या आणि हैदराबादच्या दप्तरखान्यांची दारे त्याला खऱ्या अर्थाने उघडतात.

पालीची कथा याहून प्रेरक आहे. गोव्यातील सांखवाळ येथे जन्मलेल्या धर्मानंद कोसंबी यांनी बौद्ध धर्माच्या ओढीने घर सोडले आणि श्रीलंकेत जाऊन पाली शिकली. पुढे १९१२ ते १९१८ या काळात त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली; याखेरीज हार्वर्ड विद्यापीठात बौद्ध ग्रंथांच्या संपादनाचे कामही त्यांनी केले. आज पुणे आणि मुंबई विद्यापीठांत पालीचे अर्धवेळ अभ्यासक्रम आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९५६ च्या धर्मांतरानंतर महाराष्ट्रातील फार मोठ्या समाजाचे बौद्ध ग्रंथांशी जिवंत नाते जुळले असल्याने, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान किंवा इतिहास शिकणाऱ्याला पाली ही ग्रंथांच्या मुळाशी नेणारी भाषा आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठीबरोबरच पाली आणि प्राकृत यांनाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. मराठीच्या पूर्वेतिहासाचा अभ्यास करायचा तर महाराष्ट्री प्राकृताची ओळख लागतेच. म्हणून मराठीच्या पदवीधरासाठी प्राकृत किंवा पाली ही बाहेरची नव्हे तर घरचीच विद्या आहे.

गोव्यात हाच विचार कायद्याच्या विद्यार्थ्याला लागू पडतो. १५१० ते १९६१ या दीर्घ पोर्तुगीज राजवटीत जमिनीचे, वारशाचे आणि विवाहाचे असंख्य दस्त पोर्तुगीजमध्ये लिहिले गेले, आणि १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतील कुटुंबविषयक तरतुदींचा प्रभाव तेथील कायद्यावर आजही आहे. जुना दस्त स्वतः वाचू शकणारा वकील आणि भाषांतरावर विसंबणारा वकील यांच्या कामात मोठा फरक पडतो. गोवा विद्यापीठात पोर्तुगीजचे शिक्षण उपलब्ध आहे. कायद्याच्या किंवा इतिहासाच्या पदवीला त्याची जोड देणे तेथे अगदी स्वाभाविक ठरते.

या सर्व उदाहरणांतून निवडीचे एक साधे सूत्र निघते. आपल्या विषयाचे मूळ ग्रंथ, दप्तरे, प्रयोगशाळा, कारखाने किंवा माणसे कोणत्या भाषेत आहेत, ते आधी शोधावे आणि मग भाषा निवडावी.

मराठी भाषकाचे बळ

परकीय भाषा अवघड वाटते त्याचे एक कारण म्हणजे ती बहुधा इंग्रजीच्या माध्यमातून शिकवली जाते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यावर त्यामुळे दुहेरी भार पडतो : नवी भाषा शिकायची आणि तिचे स्पष्टीकरण दुसऱ्या परक्या भाषेतून समजून घ्यायचे. वस्तुतः मराठी भाषकाला त्याची स्वतःची भाषा पुष्कळ मदत करू शकते. जर्मनमध्ये नामांना पुल्लिंग, स्त्रीलिंग आणि नपुंसकलिंग अशी तीन लिंगे आहेत. ती इंग्रजी भाषकाला चमत्कारिक वाटतात, मराठी भाषकाला ती कल्पना समजावून सांगावी लागत नाही. जर्मन गौणवाक्यात क्रियापद शेवटी जाते, आणि मराठीत ते शेवटी येणे हीच सामान्य रीत आहे. विभक्तीची कल्पना शालेय मराठी व्याकरणातूनच आलेली असते.

जपानीशी असलेले साम्य याहून जवळचे आहे. जपानी वाक्याचा क्रम कर्ता, कर्म, क्रियापद असा असतो आणि नामानंतर येणारे छोटे शब्द मराठीच्या विभक्तिप्रत्ययांसारखे काम करतात. वयाने किंवा मानाने मोठ्या व्यक्तीशी बोलताना शब्द बदलण्याची सवयही मराठी भाषकाला ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांमुळे असते. जपानी काना लिपीतील अक्षरांचा क्रम ‘आ, इ, उ, ए, ओ’ आणि त्यानंतर ‘का, सा, ता, ना’ असा चालतो. भारतीय वर्णमालेशी दिसणारे हे साम्य योगायोगाचे नाही : बौद्ध भिक्षूंनी संस्कृतच्या अध्ययनासाठी जी सिद्धम् लिपी पूर्व आशियात नेली, तिच्या ध्वनिविचाराचा तो वारसा आहे. फारसी शिकणाऱ्याला तर मराठीतील शेकडो परिचित शब्द वाटेतच भेटतात.

भाषाशिक्षकांनी ही साम्ये वर्गात वापरली, मराठीतून व्याकरणपुस्तिका व शब्दकोश सिद्ध केले आणि स्पष्टीकरणासाठी मराठीचा आधार घेतला, तर लहान गावांतून आलेल्या विद्यार्थ्यांची भीती मोठ्या प्रमाणात कमी होईल. हे काम भाषा विभागांनी आणि मराठीच्या संस्थांनी मिळून करण्यासारखे आहे, आणि ते निकडीचे आहे.

अडचणी आणि त्यांवरील उपाय

या मार्गात अडचणी आहेत, आणि त्या आधीच समजून घेतलेल्या बऱ्या. पहिली अडचण वेळापत्रकाची. पदवीच्या सत्रपरीक्षा आणि भाषेच्या परीक्षा एकाच पंधरवड्यात येऊ शकतात. म्हणून दोन्ही संस्थांची शैक्षणिक दिनदर्शिका वर्षाच्या आरंभीच शेजारी ठेवून पाहावी. दुसरी अडचण पहिल्या वर्षानंतरच्या गळतीची. प्रमाणपत्राच्या वर्षात सगळे नवे असल्याने उत्साह टिकतो. पदविकेच्या वर्षात व्याकरण गुंतागुंतीचे होते, प्रगती डोळ्यांना दिसेनाशी होते आणि पदवीचा अभ्यासही त्याच सुमारास वाढतो. हा टप्पा प्रत्येक भाषाविद्यार्थ्याच्या वाट्याला येतो. तो पार करण्यासाठी रोज अर्धा तास ही मर्यादा निश्चित ठेवणे, आठवड्याला एकदा सहाध्यायांशी केवळ त्याच भाषेत बोलणे आणि आपल्या पदवीच्या विषयावरील सोपा मजकूर त्या भाषेत वाचणे, हे उपाय परिणामकारक ठरतात. तिसऱ्या उपायामुळे भाषेचा अभ्यास पदवीपासून वेळ हिरावून घेत नाही, उलट पदवीच्या अभ्यासात भर घालतो.

तिसरी अडचण अंतराची आणि खर्चाची. भाषा विभाग मोठ्या शहरांत एकवटले आहेत. जालना, गडचिरोली किंवा सिंधुदुर्ग येथील विद्यार्थ्याला संध्याकाळच्या वर्गासाठी पुण्याला येणे शक्य नाही. ऑनलाइन आणि दूरशिक्षणाच्या अभ्यासक्रमांना मिळालेली मान्यता येथे खरी उपयोगी पडते. मात्र भाषेला संभाषणाची गरज असल्याने, जिल्ह्याच्या एखाद्या महाविद्यालयात आठवड्यातून एकदा प्रत्यक्ष संभाषणवर्ग भरवण्याची सोय त्या अभ्यासक्रमांना जोडली पाहिजे. शुल्काच्या बाबतीत विद्यापीठांचे अर्धवेळ अभ्यासक्रम सामान्यतः खाजगी संस्थांपेक्षा परवडणारे असतात, आणि म्हणूनच ते टिकवणे व वाढवणे ही सार्वजनिक जबाबदारी आहे.

चौथी अडचण सर्वांत सूक्ष्म आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने पदविका घेतलीच पाहिजे असे नाही. पदवीच्या पहिल्या वर्षी ज्याला मूळ विषयच जड जात आहे, त्याने सहा महिने थांबून सुरुवात केली तरी चालते. भाषा शेजारच्या मुलाने घेतली म्हणून घेतली, तर ती पहिल्याच वर्षी सुटते. विषयाच्या ओढीने घेतली, तर तिच्यासाठी वेळ सापडतो.

महाविद्यालयांनी आणि पालकांनी या पदविकेकडे छंद किंवा जादा कागद म्हणून पाहण्याची सवय सोडली पाहिजे. खरे, पगडी, पिसुर्लेकर आणि कोसंबी यांच्या काळात अशा जोडीसाठी ना श्रेयांक होते, ना स्पष्ट नियम, ना घरबसल्या मिळणारे वर्ग. आपल्या अभ्यासाला जी भाषा हवी होती ती त्यांनी स्वतःच्या कष्टाने मिळवली. आजच्या विद्यार्थ्यासाठी नियम अनुकूल आहेत, संस्था उपलब्ध आहेत आणि वयही नवी भाषा शिकण्यास योग्य आहे. बारावीचा निकाल लागल्यावर शाखा निवडताना त्याच आठवड्यात भाषेचाही निर्णय घेतला, तर तीन वर्षांनी पदवीबरोबर त्या विषयाचे मूळ ग्रंथ स्वतः वाचण्याची आणि त्या विषयातील माणसांशी त्यांच्या भाषेत बोलण्याची पात्रता हाती येते. प्रत्येक महाविद्यालयाने प्रवेशाच्या वेळी आपल्या विद्यार्थ्यापुढे हा पर्याय मांडावा, आणि त्यासाठी जवळच्या भाषा विभागाशी वेळापत्रकाची सांगड घालून द्यावी. एवढे केले तरी या मार्गावर येणाऱ्यांची संख्या वाढल्याशिवाय राहणार नाही.